दुपारची लाईन

३ मार्च २००३, मूल

आज घरात संगणक आला. चंद्रपूरची एक टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडली, तिथला जुना. रीताने तो जड काचेचा डबा एस.टी.त मूलपर्यंत मांडीवर धरून आणला. उतरल्यावर तिचे पाय लटपटत होते. माझ्या कपाटाशेजारी टेबल लावलं. कवितेची पुस्तकं जरा दाटीवाटीने बसवावी लागली, पण ती शहाणी आहेत, कुरकुर करत नाहीत.

रीता माझी एकुलती लेक. संक्रांतीच्या वाणाला आरमोरीहून आपल्या छोट्या मुलीला, सोनूला, घेऊन आली ती अजून इथेच आहे. एवढं लांब माहेरपण हल्ली कोणाला मिळतं? संध्याकाळी अंगणात ती आणि तारा हलक्या आवाजात बोलत बसतात, मी गेलो की थांबतात. मायलेकींच्या गोष्टी.

लग्नाआधी नागपुरात तिने एक कोर्स केला होता. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाल्यावर जे बोलतात ते रेकॉर्ड होऊन इकडे येतं. कानाला लावून ऐकायचं आणि टाईप करून पाठवायचं. नागपूरची एक कंपनी तिला महिनाभर परीक्षेचं काम देणार आहे. दुपारी दोन वाजता तिकडून आवाजाची फाईल ठेवतील, ती फोनच्या तारेतून उतरवून घ्यायची, आणि दिवे लागायच्या आत मजकूर परत. जमलं तर घरबसल्या कायमचं काम. मग सोनूला इथल्याच शाळेत घालेन म्हणते. नाही जमलं तर आरमोरीला परत.

मी आपल्या तंद्रीत हो हो करत होतो. ती म्हणाली, “बाबा, आयका न. हे काम मले पायजेच. दुसरं काईच नाई माह्याजवळ.”

असा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. वर्गात कविता विसरली तरी ही पोरगी हसायची.

५ मार्च

मोडेम नावाची काळी डबी बसली. फोनची तार आधी तिच्यात जाते, मग संगणकात. समोर लाल दिव्यांची ओळ. नंबर फिरवला की ती टकटक करते, मग लांब शीळ घालते, मग सुपात कणी पाखडल्यासारखा खरखराट. मी डोळे मिटून लघु-गुरू मोजले. शीळ सगळी गुरू. खरखराटात मात्र यती सापडत नाही. मुलांना भुजंगप्रयात शिकवताना मी टेबलावर छडी वाजवायचो, त्याची आठवण झाली.

जोडणी झाली की पडद्याच्या कोपऱ्यात दोन इवले संगणक उमटतात आणि आळीपाळीने मिचकतात. रीता त्यांच्याकडे अशी बघत होती जशी तारा चुलीवरच्या दुधाकडे बघते. पहिली फाईल उतरली, मजकूर वेळेत गेला. कानाला यंत्र, पायाखाली शिवणयंत्रासारखी पट्टी, ती दाबली की डॉक्टर बोलतो, सोडली की गप्प. सातासमुद्रापलीकडल्या कोणाची छाती दुखते आणि ते माझी लेक मूलमध्ये लिहून काढते.

तिच्या हातातल्या पाटल्या दिसल्या नाहीत. विचारलं तर म्हणाली, टाईप करताना आड येतात.

६ मार्च

जावईबापूंचा फोन आला. हेमराजराव, आरमोरीला त्यांचं कृषी केंद्र आहे. बघायला आले होते तेव्हा मी सहज विचारलं, शाळेतली एखादी कविता आठवते का? त्यांनी पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत खडाखडा म्हणून दाखवली. पत्रिका मी त्यानंतर उघडलीच नाही.

आज जरा रागावले होते. म्हणाले, काल दुपारभर फोन लावून राह्यलो, सारखा बिझी. “मामाजी, जावयाले दारातच उभं ठेवता का?” हसून म्हणाले, पण मला लागलं. आपल्याकडे जावई दारात आला तर जेवत्या ताटावरून उठतात. मी सांगून टाकलं, की दुपारी दोनला रीता मशीनवर बसते, तेव्हा लाईन गुंतलेली असते. ते म्हणाले, असं का, बरं बरं.

लगेच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलो. तिथला बाबू माझा जुना विद्यार्थी. त्याने एक सोय सांगितली, कॉल वेटिंग. फोन चालू असताना दुसऱ्या कोणी लावला तर त्याला बिझी येत नाही, घंटी जाते. आणि इकडे बोलणाऱ्याच्या कानात मधेच एक टुक वाजतो. मी तिथल्या तिथे अर्ज केला. जावईबापूंसाठी म्हटल्यावर बाबूने आजच लावतो म्हणून सांगितलं.

घरी कोणाला बोललो नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक.

१० मार्च

लाईन तुटते आहे. पहिले दिवस सुरळीत गेले आणि आता रोज. फाईल अर्धी उतरते, दोन इवले संगणक नाहीसे होतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. रीता पुन्हा लावते. पुन्हा तुटते. शनिवारी मजकूर अंधार पडल्यावर गेला. कंपनीने एकदा समजून घेतलं.

एकच बरं, की लाईन तुटली की नेमका तेव्हाच जावईबापूंचा फोन येतो. कसा योग जुळतो पाहा. मी म्हणतो, आत्ताच तुटली बघा. ते म्हणतात, अरेरे. मग रीता कशी आहे, काय खाते, कोणाशी बोलते, सगळं विचारतात. बोलायचं झालं की फोन ठेवतात आणि थोड्या वेळाने पुन्हा लावतात. एवढी ओढ मी कवितेतच वाचली होती.

रीताने विचारलं, कोणाचा होता? सांगितलं तर तिचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाली, “त्यायले माह्या कामाचं नका सांगू, बाबा.” लाजते. काम पक्कं झाल्यावर एकदम सांगायचं असेल. मी तर आधीच सांगून बसलोय, पण ते कशाला बोलू.

१३ मार्च

पलीकडच्या राईस मिलवर संशय. तिचं यंत्र सुरू झालं की आमचा दिवा मंद होतो. मालकाला जाऊन विनवलं की दुपारी थोडा वेळ थांबवा. तो म्हणाला, “गुरुजी, तुमच्यासाठी जेवन थांबवीन, धान कसं थांबवू?” तरी भल्या माणसाने आज मिल बंद ठेवली. लाईन तरीही तुटली.

सोनू मजेशीर आहे. फोनची घंटी वाजली की धावत खाटेखाली जाते आणि कानावर हात ठेवून बसते. मी लपंडाव समजून शोधायचं सोंग करतो. ती हसत नाही, डोळे मोठे करून बघते.

१९ मार्च

होळी झाली. गावाने रंग खेळला, आमच्या घरात कोणाला सुचलं नाही.

लाईनमन पत्रूला बोलावलं. तो वरच्या जंगलातल्या गावचा, बोलणं तुटक. त्याने खांबापासून घरापर्यंत तार पाहिली. छपराच्या कवेलूंवरून येते तिथे वानरांनी दातांनी सोलली होती. सगळी नवी तार टाकून दिली, भिंतीवरची डबीही बदलली. मी त्याला म्हटलं, पत्रूभाऊ, आता तुटणार नाही ना? तो म्हणाला, “तारेचं मी सांगतो गुरुजी, बाकीचं देव.”

नव्या तारेवर फाईल झरझर उतरू लागली. रीताने माझ्याकडे बघून मान डोलावली, तिच्या ओठांवर हसू येऊ घातलं होतं. तेवढ्यात मोडेमचे लाल दिवे विझले. आणि लागलीच घंटी, जावईबापू.

रीता उठली नाही. पायाखालची पट्टी उगाच दाबत राहिली.

२३ मार्च

झोपेतही ती शीळ ऐकू येते. मी आता तिच्यात वृत्त शोधत नाही.

कोणीतरी म्हणालं, मोडेम खराब असेल. चंद्रपूरला जाऊन नवा आणला. कोणी म्हणालं, अर्थिंग. परसात खड्डा खणला, मीठ आणि कोळसा भरला, तांब्याची पट्टी पुरली. या वयात कुदळ धरली नव्हती, हातांना फोड आले. तारा पाणी ओतत होती. म्हणाली, “तुमी जावयाशी इतकं काय बोलत राह्यता?” मी म्हटलं, माणुसकीने वागावं, लेक त्यांच्या घरी नांदायची आहे. तिने कळशी खाली ठेवली. मग म्हणाली, “तुमी कविताच म्हना.”

काय चुकलं माझं, कळलं नाही.

एवढ्या उन्हात रीता लांब बाह्यांचे जुने ड्रेस घालते. घामाने पाठ भिजते. नागपूरची पद्धत असेल.

२७ मार्च

आज दुपारी मी कवेलूंवर चढलो. वानरं पुन्हा येतात म्हणून. डोक्यावर ओला पंचा, हातात काठी, तारेजवळ बसून राहिलो. खाली रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. गुरुजींना ऊन लागलं, कोणी म्हणालं ते ऐकू आलं. वानर एकही आलं नाही. चटके बसत होते, पण तार माझ्या डोळ्यांसमोर होती, कोणी तिला शिवलं नाही.

खालून रीताचा आवाज आला, “तुटली.” ओरडली नाही. नुसतं सांगितलं.

मी तिथेच बसलो. मोहाची फुलं कुठेतरी वाळत होती, त्यांचा वास येत होता. या वासावर मी मुलांकडून निबंध लिहून घ्यायचो. आज डोक्यात एकच, की या तारेच्या दुसऱ्या टोकाला माझ्या लेकीचं काहीतरी आहे जे मला पकडता येत नाही.

२९ मार्च

आजपासून दुपारी रीता फोनचं यंत्रच तारेतून काढून ठेवते. म्हणाली, घंटीच नको. तरीही लाईन तुटली. म्हणजे दोष फोनचा नाही, लाईनचाच, हे पक्कं झालं. मी एक्स्चेंजमध्ये तक्रार लिहून दिली. त्यांनी तपासून सांगितलं, लाईन स्वच्छ आहे.

जावईबापूंना राग यायला नको म्हणून चौकातल्या बूथवरून मीच त्यांना फोन केला. सांगितलं, यंत्र काढून ठेवतो, म्हणून उचललं जात नाही; पाडव्याच्या सुमारास रीताचा महिना भरतो, तोवर सांभाळून घ्या. ते फार गोड बोलले. “काई हरकत नाई मामाजी. मी आपला लावत राहीन, घंटी तर जाते.” मला वाटलं, किती धीराचा माणूस.

कंपनीचा इशारा आला आहे. आता एकदा जरी उशीर झाला तर जागा दुसऱ्या मुलीला.

२ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. गडूवर हात ठेवून मी मागितलं ते लिहीत नाही.

अमेरिकेला पाडवा कुठला, आजही काम होतं. आज फाईल लांब होती, कोणा म्हाताऱ्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया. रीता सकाळपासून जेवली नव्हती. दोन वाजता शीळ वाजली, खरखराट झाला, लाल दिवे लागले. आम्ही तिघं तिच्या मागे उभे. मी हात जोडले होते. पडद्यावरची निळी पट्टी सरकत सरकत अर्ध्याच्या पुढे गेली, अजून पुढे गेली. तारा पुटपुटत होती. शेवटचं बोटभर राहिलं आणि पट्टी थांबली.

दोन इवले संगणक गेले.

पुन्हा लावलं, पुन्हा गेलं. संध्याकाळपर्यंत हेच. रीता दर वेळी त्याच संथपणे नंबर फिरवायची, जणू तिचा तो हात कोणा दुसऱ्याचा आहे. शेवटी मीच म्हटलं, बेटा, राहू दे. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. विहिरीत पडलेलं जनावर वर बघतं तसं.

४ एप्रिल

कंपनीचं पत्र संगणकावर आलं. जागा दुसऱ्या मुलीला दिली.

मी बूथवरून नागपूरला फोन लावला. तिकडे एक मुलगी बोलली. मी तिला सांगितलं, की मी शिक्षक होतो, माझी लेक वर्गात पहिली यायची, चूक तारेची आहे, तिची नाही. आणखी एक आठवडा द्या, मी स्वतः खांबाजवळ उभा राहतो. ती बिचारी मधे मधे हो काका म्हणत राहिली. मग म्हणाली, काका, माझ्या हातात नाही हो.

बूथमधून बाहेर आलो तर क्षणभर घर कोणत्या दिशेला ते आठवेना.

रात्री रीताने बॅग भरली. तिने सासरी शब्द दिला होता म्हणे, पाडवा झाला की येईन. मी म्हटलं, इतकं काय मनाला लावून घेतेस, आपलंच घर आहे ते. ती म्हणाली, हो.

५ एप्रिल

जावईबापू जीप घेऊन आले. मी पाय धुवायला पाणी दिलं, खुर्ची दिली, पोहे सांगितले. तारा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. सोनू घंटी न वाजताच खाटेखाली गेली.

ते मजेत होते. संगणकाकडे बघून म्हणाले, मेला का हा? मी म्हटलं, लाईन साथ देत नव्हती. ते हसले. आरमोरीत त्यांच्या मित्राचं सायबर कॅफे आहे, त्याने त्यांना समजावून सांगितलं होतं. जे बोलले ते आठवेल तसं लिहून ठेवतो.

“लाईनीले काई नाई झालं, मामाजी. तुमी ते कॉल वेटिंग लावलं न, त्याचा टुक वाजला का हे मशीन मरते. मी रोज दुकानातून लावून राह्यलो. टाइम तर तुमीच सांगतला. म्हटलं, पाहू बाई किती दिवस कमावते.”

ही गंमत ऐकून मी हसेन असं त्यांना वाटत होतं. मी बहुतेक हसलोही असेन, चेहऱ्याला सवय असते.

मग आत बघून त्यांनी हाक मारली. रीता बॅग घेऊन आली. तेव्हा तारा तिच्या मागून आली, बॅग काढून घेतली, आणि रीताचा हात धरून माझ्यासमोर आणला. लांब बाही कोपराच्या वर सारली. मग दुसऱ्या हाताची. मी पाहिलं. काही जुनं होतं, काळं पडलेलं, काही भाजल्याचं होतं. त्याहून जास्त लिहीत नाही. तारा म्हणाली, “सोनूची शपथ घातली होती हिनं मले. बाबाले सांगू नको, बाबानं पसंत केला हाय.”

रीता मान खाली घालून उभी होती, जसं काही हे तिनेच केलं.

मी हेमराजला म्हटलं, “चहा घ्या आणि निघा. रीता येणार नाही. सोनूही नाही.”

तो आधी समजावू लागला, मग आवाज चढला. पेन्शनवर पोसा तिला, पाहू किती दिवस. पोरगी माझी आहे, कोर्टातून नेईन. तुमच्या मशीनसारखी तुमची लेक बी बंद पडेल. मी पुन्हा तेवढंच म्हटलं.  मग त्याने पोह्यांची बशी जमिनीवर पालथी केली आणि गेला. जावई माझ्या दारातून गेला आणि मी फाटकापर्यंत पोचवायला गेलो नाही.

जीपचा आवाज दूर गेल्यावर रीताने जमिनीवरचे पोहे वेचायला घेतले. मी खाली बसून वेचू लागलो. 

७ एप्रिल

एक्स्चेंजमध्ये गेलो. बाबूला म्हटलं, ती सोय काढून टाक. त्याने विचारलं, का गुरुजी, जावयाची अडचण नाई होनार? मी म्हटलं, होऊ दे. त्याने जुना अर्ज काढून समोर ठेवला, त्यावर काट मारून सही करायची होती. वळणदार अक्षर, अनुस्वार जिथल्या तिथे. माझंच.

परत येताना वाटेत बसलो. मनात एखादी ओळ येईल म्हणून वाट पाहिली. आयुष्यभर कोणत्याही दुःखाला माझ्याजवळ एक ओळ तयार असायची. आली नाही. रीताच्या हातांवर कोणी ओळ लिहिलेली नसणार, किंवा असेल आणि मी ती मुलांकडून घोकून घेऊन पुढचा धडा काढला असेल.

वकिलाला उद्या भेटायचं आहे. तो काय म्हणेल माहीत नाही. नागपूरच्या आणखी कोण्या कंपनीचा पत्ता रीताला मिळाला आहे, पण त्यांनी सध्या जागा नाही म्हणून कळवलं. सोनूची शाळा जूनमध्ये उघडेल. तोवर काय, आणि त्यानंतर काय, हे घरात कोणी मोठ्याने विचारत नाही.

९ एप्रिल

दुपारी दोनला रीता मशीनवर बसली. मी का म्हणून विचारलं नाही. शीळ, खरखराट, लाल दिवे. कोपऱ्यात दोन इवले संगणक मिचकू लागले.

ती नुसती बघत होती. मी शेजारी स्टूलावर बसलो. आरमोरीहून कोणी लावला असेल तर आज त्याला बिझी आलं असेल. बाहेर राईस मिल चालू होती, दिवा मंद होत होता, पुन्हा उजळत होता. तारा मधे येऊन उभी राहिली, मग तीही पाट घेऊन बसली. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढलं.

लाईन एकदाही तुटली नाही. उतरवायला फाईल नव्हती, पाठवायला मजकूर नव्हता.

अंधारून आलं तेव्हा मी म्हटलं, बेटा, आता काढू का तार? फोनचं मीटर उगाच पडतंय.

ती म्हणाली, “थांबा न बाबा. अजून थोडं चालू राहू द्या.”